चौथीच्या मुलींचं गाणं

१५ डिसेंबर

स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्याकडे आली. शाळेत लागून माझं पहिलंच वर्ष, आणि सचिवसरांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझं नाव घेतलं. राठोड मॅडम तरुण आहेत, त्यांना आजची गाणी कळतात, असं म्हणाले. वसमतमध्ये आता शाळा पुष्कळ झाल्यात. संमेलनाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला की पुढच्या वर्षी प्रवेश वाढतात, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

चौथीच्या मुलींच्या नाचाचं गाणं त्यांनीच सुचवलं. हिंदी सिनेमातलं, सध्या प्रत्येक वरातीत वाजतंय ते. जाताना हळूच म्हणाले, कुणी विचारलं तर सांगा, मुलींनीच निवडलं. मुलींच्या आवडीला एवढा मान देणारे संस्थाचालक मी पाहिले नव्हते.

एसटीत उभ्यानं तांड्यावर परत येताना मनातल्या मनात स्टेप बसवत होते. हात कुठं चाललेत याचं भान राहिलं नाही. शेजारच्या बाईंची पिशवी खाली पडली, वांगी सीटखाली गेली. दोघींनी मिळून गोळा केली.

२० डिसेंबर

सराव जोरात. सृष्टी खिल्लारे सगळ्यांत पुढं आहे. एकदा दाखवलं की तिच्या अंगात उतरतं. पुजाचं मात्र अंग मोकळं होत नाही. ती आमच्याच तांड्यावरची, रामसिंगकाकांची मुलगी, म्हणून तिच्यावर जरा जास्तच ओरडले असेन. कंबरेची स्टेप आली की ती दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहते. उद्यापासून तिला अगदी मागं घ्यावं.

कुंपणाबाहेर मोठी पोरं येऊन उभी राहतात, शिट्ट्या वाजवतात. हाकलावं की काय करावं कळेना. मुलींना प्रेक्षकांची सवय होईल, असं स्वतःला सांगितलं.

२३ डिसेंबर

आज सृष्टीची आई आली. करुणा खिल्लारे. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, ड्यूटीवरून थेट आलेल्या, पांढऱ्या कपड्यांवर स्वेटर. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. सराव संपेपर्यंत दारात उभ्या राहून पाहत राहिल्या. मुली पाणी प्यायला गेल्यावर मग बोलल्या.

नाचायला त्यांची ना नाही. सृष्टी घरी भांडी विसळतानाही नाचते म्हणे. मी स्टेप छान बसवल्यात असंही म्हणाल्या, आणि ते उगाच म्हणत नव्हत्या. मग म्हणाल्या, "परवा जेवताना तिनं विचारलं, मम्मी, जवानी म्हणजे काय? मी सांगितलं, मोठं झाल्यावर येते ती. तर म्हणाली, माझ्याकडं अजून आलीच न्हाई, मग मी ती सगळ्यांना दाखवते असं काहून म्हणून राहिले? मॅडम, माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं असलं तर द्या."

म्हटलं, आता लग्नात, हळदीत हीच लेकरं याच गाण्यावर नाचतात.

"व्हय, नाचतात," त्या म्हणाल्या. "तिथं कुणी शिकवत न्हाई. इथं आपण शिकवून राहिलो."

तक्रारीचा अर्ज देणार का, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की लागला तर देतील, पण आधी मला सांगायचं होतं, माझ्या पाठीमागं काही करायचं नव्हतं. राग आला. पण एवढं नीट बोलणाऱ्या माणसाचा राग आला की तो ठेवायचा कुठं तेच समजत नाही.

२४ डिसेंबर

सचिवसरांच्या कानावर घातलं. एका पालकासाठी कार्यक्रम बदलत नसतात म्हणाले. आधी मात्र त्यांनी विचारलं की ही बाई कुठल्या नगरात राहते. मी सांगितलं. "हां, मग बराबर आहे," म्हणाले. काय बरोबर आहे ते मी विचारलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

भाकरी थापताना तेच गाणं गुणगुणत होते. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, विचारलं, काय म्हणते गं ही बाई गाण्यात? याडीला हिंदी थोडं कळतं, सिनेमातलं कळत नाही. मी आमच्या गोरमाटी बोलीत सांगायला लागले. पहिली ओळ सांगितली. दुसऱ्या ओळीला जीभ उचलेना. हिंदीत रोज शंभरदा तोंडातून जाणारी ओळ, गोरमाटीत आईसमोर म्हणता येईना. अर्धवट काहीतरी सांगितलं.

याडीला मुळीच धक्का बसला नाही, उलट हसली. म्हणाली, होळीला आम्ही बाया याहून वंगाळ गातो, तुला काय माहीत! खरंच मला माहीत नव्हतं. का, ते तिनंच सांगितलं. तसली गाणी सुरू करण्याआधी एक म्हातारी उठायची आणि सगळ्या लेकरांना घरी पिटाळायची. त्यांच्यासाठी वेगळी गाणी असायची, ती आधी होऊन गेलेली असायची.

मग याडीनं विचारलं, "तुझ्या शाळेत कोण पिटाळतं?"

तव्यावरची भाकरी करपली.

३ जानेवारी

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, सांगितलं की गाणं बदलावं असं मलाही वाटतं. ते म्हणाले, आता सचिवसरांनी पालकसभा बोलावली आहे, तिथंच काय ते होईल. करुणाताईंनी अर्ज दिला होता आणि त्यावर बऱ्याच आयांच्या सह्या होत्या.

आज ती सभा झाली.

ताई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, आता संस्कृती वगैरे येणार. एक शब्द आला नाही. त्यांनी गाण्याला नावं ठेवली नाहीत, मला नाही, सिनेमालाही नाही. एवढंच म्हणाल्या, "गाणं वाईट न्हाई. ते मोठ्या माणसांचं हाय. बीपीची गोळी चांगली असते, म्हणून ती लेकराला कुणी देत न्हाई." मागं बसलेल्या बाया हसल्या, माना हलल्या. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात रामसिंगकाका उठले. आवाज चढलेला. गाणं कोणतं का असेना, मुळात पोरी नाचवताच काहून, असं त्यांनी विचारलं. पोरीची जात, तिला सगळ्या गावासमोर उभं करायचं आणि वरून आपणच टाळ्या वाजवायच्या? याला ताईंपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. ज्यांना ताईंचं पटलं होतं त्यातल्याही काहींनी वाजवल्या.

सचिवसर लगेच उभे राहिले. पालकांच्या भावनांचा आदर करून मुलींचे सगळे नाच रद्द, मुलांचं लेझीम होईल, असं त्यांनी जाहीर केलं. ताई उभ्याच होत्या. "मी गाणं बदला म्हटलं. पोरींना उतरवा म्हटलं न्हाई," त्या म्हणाल्या. पण तोवर चहा आला होता आणि खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, बघा मॅडम, कुणाचं मन न दुखवता मिटवलं.

हातात हजेरीपट होता, तो धरून उभी राहिले.

५ जानेवारी

मुली सृष्टीशी बोलत नाहीत. तुझ्या मम्मीमुळं आमचा नाच गेला, असं तिला तोंडावर सांगितलं. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीजवळ एकटी डबा खात होती. मी जाऊन बसले. तिनं विचारलं, मम्मीनं चूक केली का? मी नाही म्हटलं. मग तिनं पोळीचा घास तोडता तोडता विचारलं, "तर तुमी सभेत काहून न्हाई बोलल्या?"

चौथीतलं लेकरू. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

सुट्टी झाल्यावर ताई फाटकाशी दिसल्या. मला वाटलं, खचल्या असतील. त्या गाडीवाल्याकडून पेरू निवडून घेत होत्या, कच्चे बाजूला काढत होत्या. माझ्याही हातात एक दिला. म्हणाल्या, धागा मी ओढला, आता उसवलेलं मलाच शिवावं लागंल. मुलींच्या घरोघर जायचं त्यांनी ठरवलंय. कुणाला दोष द्यायला नाही, ऐकायला. मग विचारलं, "रामसिंगभाऊ तुमच्याच तांड्यावर राहतात ना? पहिलं तिथं जाऊ."

ज्या माणसानं भरसभेत हाणून पाडलं, पहिलं त्याच्याकडं. माझ्यात हे येणार नाही.

११ जानेवारी, रविवार

ताई स्कुटीवरून तांड्यावर आल्या. त्यांना मी मागच्या वाटेनं रामसिंगकाकांकडं नेलं. ही आपल्या पोरी नाचवते, असं आधीच लोक माझ्याबद्दल बोलून राहिलेत.

काकांनी बाज टाकली, पण तोंड आंबटच. बोलायला लागले ते थांबेचनात. शाळा, टीव्ही, मोबाईल, शिकलेल्या बाया, सगळं आलं त्यात. मी दोनदा मध्ये बोलायला गेले. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. चहावर साय धरली तरी त्या ऐकतच होत्या. काकांचं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"भाऊ, काय झालं होतं?"

उत्तर दारातून आलं. त्यांची बायको रूपाबाई इतका वेळ पदर ओढून उभी होती, ती बोलली. उन्हाळ्यात एका लग्नात पुजा नाचली. कुणीतरी मोबाईलमध्ये धरलं, खाली घाण घाण लिहिलं आणि पाठवलं. फिरत फिरत ते शिरड शहापूरच्या बाजारात पोचलं. तिथं एकानं हसत हसत रामसिंगकाकांनाच दाखवलं. पोरगी यांचीच आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

मला पुजाचे पोटाशी धरलेले हात दिसले. त्यापुढचं आज लिहवत नाही.

ताईंनी उपदेश केला नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं भ्याव खरं हाय भाऊ. पण चूक केली मोबाईलवाल्यानं, आन् शिक्षा झाली पुजाला." आम्ही निघालो तेव्हा अंगणात स्कुटी वळवायला जागा नव्हती. त्यांनी स्वतः उचलून ती वळवून दिली. मग हँडल न सोडता विचारलं, मोबाईल बंद ठेवणार का तुमच्या शाळेत? ताई म्हणाल्या, ठेवू.

"मग बघू," काका म्हणाले.

१७ जानेवारी

आठवडाभर ताई ड्यूटी करून घरं फिरल्या. काही ठिकाणी मी बरोबर होते. एका घरी तर आम्हाला बसा म्हटलं नाही, ताईंनी उभ्यानंच त्या घरच्या सासूबाईंच्या पायाची सूज पाहिली आणि दवाखान्यात यायला सांगितलं. राग म्हणून कसा तो त्यांच्या तोंडावर दिसलाच नाही.

नाच परत आणायचा तर आता गाणं पाहिजे. मी मुलींनाच विचारलं, सकाळी उठल्यापासून काय काय होतं सांगा. एकीची वेणी सुटते. एकीची चप्पल कुत्रं नेतं. एकीच्या घरासमोरून गाडी न थांबता जाते. वर्गात इतका गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातून सर पाहायला आले. पुजानं सगळ्यांत शेवटी सांगितलं की घंटा तिला लांबूनच ऐकू येते, तेव्हा आई अजून डबाच भरत असते. घरी येऊन नुसत्या ओळी जुळवल्या.

एक वेणी बांधली, एक वेणी सुटली,
एक चप्पल पायात, एक कुठं हुकली?
थांब गं घंटे, करू नको घाई,
डबा भरून देते अजून माझी आई.

अशी पुढं चार कडवी झाली. चाल आपोआप लागली. यात माझं काही नाही, मुलींनी सांगितलं ते मी लिहिलं. ताईंना फोनवर म्हणून दाखवलं तर त्यांनी लगेच पुन्हा म्हणायला लावलं.

२० जानेवारी

आज सचिवसरांना भेटायचं होतं. ताई म्हणाल्या होत्या की दुपारी येते, दोघी मिळून जाऊ. मी केबिनबाहेर थांबले, पण सरांनी आतूनच हाक मारली. जावं लागलं. आत बसल्यावर दाराच्या जाड काचेतून बाहेर पांढरं काहीतरी हललेलं दिसलं. ताई आल्या, दाराशी उभ्या आहेत, हे पाहिलं आणि धीर आला.

मी म्हटलं, मुलींचा नाच झाला पाहिजे, नव्या गाण्यावर. सर म्हणाले, विषय संपलाय. मी म्हटलं, मग संमेलन माझ्याकडून होणार नाही. आणि पहिलं गाणं कुणी निवडलं असं पालकांनी विचारलं, तर मुलींनी निवडलं असं मी सांगणार नाही. जे खरं आहे ते सांगेन.

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "तुमची ऑर्डर एप्रिलपर्यंतच आहे, लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

काचेकडं पाहिलं, पांढरं अजून तिथंच होतं. मी खुर्चीवरून उठले नाही. मोठे सर शेजारी बसले होते, ते खोकले आणि म्हणाले की गाणं मी ऐकलंय, चांगलं आहे. शेवटी सचिवसर म्हणाले, करा, पण काही झालं तर जबाबदारी तुमची. मोबाईलबंदीचंही मान्य केलं.

बाहेर आले तर कुणी नव्हतं. दाराजवळच्या दोरीवर शिपायाचा धुतलेला पांढरा टॉवेल वाऱ्यानं हलत होता.

ताई पुष्कळ वेळानं धापा टाकत आल्या. बाळंतपण अडलं होतं, सोडून निघता आलं नाही, माफ करा म्हणाल्या. बाई आणि बाळ सुखरूप. मी सगळं सांगितलं, तुमच्या जोरावर बोलले असंही सांगितलं. ताईंच्या नुसत्या येण्याच्या भरवशावर माणसाला एवढं बळ येतं, तर त्या खरंच आत असत्या तर काय झालं असतं! टॉवेलचं ऐकून त्या माझ्याकडं पाहत राहिल्या आणि मग हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एवढं हसण्यासारखं काय होतं, कुणास ठाऊक.

३१ जानेवारी

झालं एकदाचं.

आयांना पुढं बसवलं होतं. मोबाईल पिशवीत ठेवा असं मी माईकवरून तीनदा सांगितलं, तरी एक तरुण उभा राहिला आणि हात वर करून शूटिंग करायला लागला. रामसिंगकाका मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. ते चालत आले आणि त्याच्यासमोर पाठ करून उभे राहिले. तो सरकला की काकाही सरकायचे. शेवटी त्यानं मोबाईल खिशात घातला. काका मात्र तिथंच राहिले, आणि मग त्यांचं लक्ष स्टेजकडं गेलं.

मी पुजाला मागच्या रांगेत ठेवलं होतं. दुसऱ्या कडव्याला सृष्टीनं तिचा हात धरून तिला पुढं ओढलं. हे मी बसवलेलं नव्हतं. पुजाचे हात मोकळे होते. एकीची चप्पल खरोखरच निसटून पुढच्या रांगेत गेली, लोकांना वाटलं तेही नाचातलंच. आईच्या डब्याची ओळ आली तेव्हा बाया ओरडल्या, परत म्हणा, परत म्हणा. परत म्हटलं.

शेवटी भाषणात सचिवसरांनी सांगितलं की वयाला साजेशी गाणी हा आमच्या संस्थेचा पहिल्यापासूनचा आग्रह आहे. करुणाताईंचं नावही नाही, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या करुणाताईंच्याच. मी चिडून विचारलं, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?

"त्यांनी भरसभेत आपलं म्हटलं ना," ताई म्हणाल्या. "आता पुढच्या साली त्यांना मोडता येणार न्हाई."

घरी येताना एसटीत हाच विचार करत होते. इतकं दूरचं पाहायला कुठं शिकतात ही माणसं? मी पाच मिनिटांच्या पलीकडचं पाहिलं असतं तर सभेतच बोलले असते. माझी ऑर्डर वाढेल की नाही माहीत नाही. ताई म्हणतात, वसमतला शाळा पुष्कळ आहेत आणि असं गाणं लिहिणारी मास्तरीण एकच आहे. त्या मोठ्या मनाच्या आहेत, म्हणून तसं म्हणतात.

२ फेब्रुवारी

सकाळी हळदीच्या वावराकडं निघालेल्या बायांमधून रूपाबाई मागं थांबली. इकडंतिकडं पाहिलं. कालपासून अख्ख्या तांड्यावर ते गाणं चाललंय म्हणाली, पुजा झोपेतही म्हणून राहिली.

"लेकरायला त्यांच्या वयाचं गाणं दिलं तू," ती म्हणाली. "सिनेमातलं हाय ते जवान पोरींचं हाय. म्हाताऱ्यांना भजनं हायेत. आमच्या वयाचं कुठं हाय?"

उत्तराची वाट न पाहता ती म्हणाली, होळी येऊन राहिली, लिही एक. हसू आलं पाहिजे, पण खोटं नको.

मी म्हटलं, काकी, तुमच्या वयात काय होतं मला कुठं माहीत? सुरुवात कुठून करू?

तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. बाकीच्या बाया पुढं जाऊन वळणावर थांबल्या होत्या, तिला हाका मारत होत्या. तिनं त्यांना हातानंच थांबा म्हटलं आणि नीट विचार केला.

"घुडग्यापासून कर," ती म्हणाली. "सकाळी घरात सगळ्यांच्या आधी तोच बोलतो."

वही घेऊन तिथंच बांधावर बसले. आज शाळेला उशीर होणार.